गोलसमोर कच खाणारा स्ट्रायकर: बदलायचा की घडवायचा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचा फुटबॉल संघ आहे, बॉल बराच वेळ तुमच्याच पायात असतो, मिडफिल्ड चांगलं आहे, पण 9 सामन्यांत गोल फक्त 6 आणि त्यातला स्ट्रायकरचा, म्हणजे गोल करायला पुढे ठेवलेल्या मुलाचा, 1. मुलगा गुणी आहे, टच छान आहे. पण गोलसमोरच्या बॉक्समध्ये शिरला की शॉट मारायचं सोडून पास देतो आणि सेंटर बॅकने, म्हणजे मधल्या डिफेंडरने, जरा खांदा लावला की बाजूला होतो. त्याला आक्रमक कसं करायचं, की सरळ दुसरा स्ट्रायकर शोधायचा, असं तुम्ही विचारलंय.

मी 22 वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवतोय. त्याआधी सेंटर बॅक खेळायचो, त्यामुळे स्ट्रायकरकडे मी बघतो ते त्याला अडवणाऱ्याच्या डोळ्यांनी. माझं मत आधीच सांगून टाकतो: दुसरा मुलगा शोधायला एवढ्यात निघू नका. तुम्ही जे वर्णन केलंय त्यात निदान अर्धा दोष त्या मुलाच्या आजूबाजूला असावा अशी मला दाट शंका आहे. मी सामना पाहिलेला नाही, तेव्हा चुकतही असेन. पण ते तपासायची एक सोपी पद्धत आहे आणि तिला पैसा लागत नाही.

पुढच्या दोन सामन्यांत बेंचवरच्या एका मुलाला कागद-पेन देऊन बसवा. त्याने मोजायच्या गोष्टी चार. स्ट्रायकर डिफेन्सच्या मागच्या जागेत किंवा गोलच्या तोंडाशी किती वेळा धावला. त्यातल्या किती वेळा बॉल खरोखर त्याच्याकडे आला. बॉक्समध्ये बॉल मिळाल्यावर त्याने शॉट किती वेळा मारला आणि पास किती वेळा दिला. आणि चौथी, माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाची: एखादी संधी वाया गेली की पुढच्या पाच मिनिटांत तो पुन्हा धावला का?

हे मी स्वतः ठेच लागल्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे असाच एक मुलगा होता. शांत, सरावात पायात जादू, सामन्यात मात्र दिसायचाच नाही. मी सगळ्यांसमोर त्याला ‘भूक नाही तुला’ असं बोलत असे. एकदा माझ्या सहायकाने पूर्वार्धभर त्याच्यावरच नजर ठेवली आणि मध्यंतरात कागद माझ्या हातात दिला. पोरगा 11 वेळा धावला होता. बॉल आला होता दोनदा. त्यातला एक डोक्यावरून गेलेला. उत्तरार्धात तो फक्त चार वेळा धावला, आणि मला दिसला होता तो हा उत्तरार्धातला मुलगा. पहिल्या अकरा धावांकडे माझं लक्षच नव्हतं, कारण मी बॉलकडे बघत होतो.

कोच बॉलकडे बघतो, आईबापही बॉलकडे बघतात. म्हणून बॉल नसताना केलेल्या कामाची दाद त्या मुलाला कुणाकडूनच मिळत नाही. दहा वेळा जीव तोडून पळायचं आणि दहाही वेळा विंगरने, म्हणजे कडेने खेळणाऱ्याने, बॉल पायाखाली दाबून धरायचा, असं चाललं की अकराव्यांदा कोणीही चालतच जातो. त्याला आळस म्हणू नका.

आता ‘आक्रमक’ या शब्दाबद्दल. हा शब्द आला की लोकांच्या डोळ्यांसमोर कोपर मारणारा, रेफ्रीशी भांडणारा धिप्पाड गडी येतो. सेंटर बॅक म्हणून मला तरी अशांनी फारसा त्रास दिला नाही. तो कुठे आहे हे मला न बघता कळायचं. अंगाला अंग लागलेलं असलं की डोळे निवांत बॉलवर ठेवता येतात. घाम फोडला तो दिसेनासे होणाऱ्यांनी. बॉल डावीकडे असताना माझ्या उजव्या खांद्यामागे जाऊन उभे राहणारे. मला एकतर बॉल दिसायचा, नाहीतर तो. मान वळवून त्याला शोधायचो आणि तेवढ्यात कडेवरून क्रॉस आलेला असायचा.

गेर्ड म्युलर उंचीने पावणेसहा फुटांच्या आसपास, आखूड पायांचा. पश्चिम जर्मनीकडून 62 सामन्यांत त्याचे 68 गोल आहेत. 1974 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्सविरुद्ध त्याने केलेला विजयी गोल तुमच्या मुलाला दाखवा, आणि नुसता दाखवू नका, थांबवत थांबवत दाखवा. उजवीकडून बॉल आत आला, त्याचा पहिला टच थोडा मागे राहिला. इथे बहुतेक मुलं हात वर करून पास देणाऱ्याकडे बघतात. म्युलर पाऊल मागे घेऊन बॉलपाशी गेला आणि वळता वळता जमिनीलगत मारला. फटका सणसणीत नव्हता, डिफेंडरला आणि गोलकीपरला सावरायला वेळ मिळाला नाही इतकंच. टच बिघडला तरी बॉल आपलाच आहे असं धरून चालणं, मला मुलांमध्ये ही आक्रमकता हवी असते. ती शिकवता येते.

शिकवायचं कुठून, हे मात्र तुमच्या कागदावर काय येतं त्यावर अवलंबून आहे.

धावा भरपूर आणि बॉल कमी, असं निघालं तर स्ट्रायकरला सोडा आणि विंगर व मिडफिल्डरना धरा. तुमच्या संघाकडे बॉल खूप असतो असं तुम्ही लिहिलंय, आणि माझी शंका तिथूनच सुरू झाली. बॉल खूप ठेवणाऱ्या संघांमध्ये एक सवय लागते: बॉल मिळाला की आधी थांबवायचा, मग मान वर, मग एक टच आत, आणि मग पास. स्ट्रायकरची धाव दोन सेकंदांपेक्षा जास्त टिकत नाही. त्यानंतर तो एकतर ऑफसाइड असतो, म्हणजे डिफेन्सच्या पुढे नियमाबाहेरच्या जागी, किंवा डिफेंडर त्याच्यापर्यंत पोहोचलेला असतो. विंगरला सांगा की बॉल पायाशी येण्याआधीच एकदा आत बघ, आणि नऊ नंबर, म्हणजे स्ट्रायकर, निघालेला दिसला तर दुसऱ्या टचला बॉल सुटलाच पाहिजे. सरावात मी विंगरला दोनच टच देतो. पहिल्या आठवड्यात अर्धे क्रॉस भलतीकडे जातात आणि सगळे वैतागतात. जाऊ द्या भलतीकडे. स्ट्रायकरला कळतं की आपण धावलो तर बॉल येतो, आणि तो धावायला लागतो.

बॉल येतो पण धावाच कमी, असं असेल तर काम मुलाबरोबर. इथे मी दोन गोष्टींवर भर देतो. एक, प्रत्येक धावेत दोन हालचाली असतात: पहिली डिफेंडरसाठी, दुसरी स्वतःसाठी. जवळच्या पोस्टवर जायचं असेल तर आधी दोन पावलं लांबच्या पोस्टकडे. डिफेंडर वजन त्या पायावर टाकतो, तेवढ्यात त्याच्या पुढून निघायचं. दुसरी गोष्ट ऑफसाइडचा नियम नीट माहीत असणं. गोलकीपर धरून समोरच्या संघातल्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या रेषेत असलेला खेळाडू ऑफसाइड नसतो. थ्रो-इन, गोलकिक आणि कॉर्नरवर तर बॉल थेट आला तर ऑफसाइड नसतोच. सतरा वर्षांच्या मुलांना हे तोंडपाठ असतं, पण मैदानावर थ्रो-इन मिळाला की स्ट्रायकर थ्रो करणाऱ्याकडे चालत जातो. त्या वेळी त्याला डिफेन्सच्या मागे उभं राहायची मुभा असते, आणि ती घेताना मी फार थोडी मुलं पाहिली आहेत.

इटलीचा स्ट्रायकर फिलिपो इन्झागी, त्याचं उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्याच्याकडे वेगही बेताचा आणि ड्रिबलही बेताचा. सतत ऑफसाइडच्या काठावर असायचा, कितीदा तरी पकडला जायचा आणि झेंडा खाली गेला की परत तिथेच. 2007 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात एसी मिलानने लिव्हरपूलला 2-1 हरवलं ते त्याच्या दोन गोलांवर. पहिला तर सहकारी पिर्लोची फ्री किक त्याच्या अंगाला लागून आत गेली. दुसऱ्याला काका नावाच्या सहकाऱ्याचा पास, डिफेन्समधून वेळेवर निघालेली धाव, गोलकीपरला वळसा आणि गोल. सामन्याचा बाकीचा बराच वेळ तो कुठे होता हे आठवावं लागतं. पण त्या दोन क्षणी तो तिथे होता.

खांदा लागला की बाजूला होतो, हे तुमचं वाक्य वाचून मला एक प्रश्न पडला: त्याची उंची गेल्या वर्षभरात एकदम वाढली आहे का? या वयात पाय लांब होतात आणि ताकद मागून येते. अशा मुलाला ‘अंगावर जा’ म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. त्याला वर्षभर वेळ द्यावा लागतो. घोट्याची किंवा गुडघ्याची दुखापत होऊन गेली असेल तर तेही विचारा. दुखलेला पाय बरा झाल्यावरही मुलं कितीतरी दिवस टॅकलच्या आधी तो पाय उचलून घेतात, आणि त्यांना स्वतःला ते कळतही नाही.

असं काही नसेल तर हा दोष ताकदीपेक्षा वेळेचा निघतो. बाजूला होणारी मुलं बॉल आल्यानंतर डिफेंडरचा विचार करतात. अंग त्याआधी लागलं पाहिजे. बॉल अजून मिडफिल्डरच्या पायात असताना एक पाऊल मागे घेऊन डिफेंडरला पाठीने शोधायचं, गुडघे वाकवायचे, कंबर खाली, पाय खांद्यांपेक्षा रुंद. अर्धं आडवं उभं राहायचं आणि बॉल लांबच्या पायावर घ्यायचा, म्हणजे डिफेंडर आणि बॉल यांच्यामध्ये अख्खं शरीर येतं. बॉल खेळता येईल एवढ्या अंतरावर असेल तर असं मध्ये उभं राहून तो राखणं नियमात बसतं. हाताने किंवा शरीराने समोरच्याला धरून अडवलं की मात्र फाउल. मी यासाठी जोड्या लावतो: एक जण मागून रेटतो, दुसरा बॉल न घेता फक्त जागा धरून उभा राहतो, दहा सेकंद. मग बॉलसकट. सुरुवातीला मागे मीच उभा राहायचो, कारण बरोबरीची मुलं दोस्ताला नीट रेटत नाहीत.

आणि कोपर शिकवू नका. समोरच्याच्या तोंडाला लागतं, कार्ड मिळतं, आणि गोल काही होत नाही.

आता शॉटऐवजी पास. ही खरी अवघड जागा आहे, कारण पास देणारा मुलगा निःस्वार्थी दिसतो आणि त्याचं कौतुक होतं. मी त्यात एक फरक करतो. मान वर करून, कोणीतरी जास्त चांगल्या जागी आहे हे बघून दिलेला पास हा उत्तम पास. मान खाली असतानाच, बॉल पायाला लागताक्षणी ढकलून दिलेला पास म्हणजे जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकणं. व्हिडिओ असेल तर पाहा, नाहीतर मोजणाऱ्या मुलाला हेही सांगा. तुमचा मुलगा दुसऱ्या प्रकारचे पास देत असेल तर त्याला विचार करायला कमी जागा ठेवा. माझा नियम असा: दोन्ही पोस्टपासून मैदानात सरळ रेषा ओढल्या आहेत असं समज. त्या 7.32 मीटरच्या पट्ट्यात, पेनल्टी स्पॉट आणि गोल यांच्यामध्ये बॉल मिळाला तर शॉटच. दुसरं काही नाही. पट्ट्याबाहेर असशील तर बघ आणि ठरव. एवढं सांगितलं की डोक्यातली घालमेल बरीच शमते.

त्याबरोबर त्याला या धंद्याचा हिशोबही सांगा. मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये, जगातले उत्तम खेळाडू, तरी साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो. अकरा मीटरवरून, समोर फक्त गोलकीपर, बॉल स्थिर, तरी चारातली एक पेनल्टी जवळपास वाया जातेच. मँचेस्टर सिटीच्या अर्लिंग हालांडने 2022-23 च्या प्रीमियर लीग मोसमात 36 गोल करून विक्रम केला आणि त्याच मोसमात त्याने सोप्या म्हणाव्यात अशा संधीही ढिगाने घालवल्या. त्याच मोसमाच्या सुरुवातीला, बोर्नमथविरुद्धच्या 4-0 च्या विजयात बॉल त्याच्या पायाला जेमतेम आठ वेळा लागला होता. तो काही मधे येऊन मिडफिल्डरकडून बॉल मागत बसला नाही.

मुलाला आकडे पटतात. पण पटूनही तो शॉट मारत नसेल तर समजा की चुकल्यावर त्याला काहीतरी भोगावं लागतं. काय, ते शोधा.

माझ्या त्या मुलाच्या बाबतीत ते मला उशिरा दिसलं. शॉट बाहेर गेला की तो बॉलकडे बघायचा नाही, गोलकीपरकडे बघायचा नाही, मान वळवून थेट बेंचकडे बघायचा. माझ्याकडे. आणि त्याच क्षणी आमचा कॅप्टन, अतिशय चांगला मुलगा, दोन्ही हात आडवे पसरून आकाशाकडे बघायचा, ‘मी मोकळा होतो ना!’ अशा थाटात. हे सामन्यात पाच-सहा वेळा व्हायचं. मी त्याला धीट हो म्हणत होतो आणि धीट झाल्यावर काय मिळतं हे त्याला दर आठवड्याला दाखवतही होतो.

मग मी संघाला एकत्र बसवून सांगितलं की पुढचे चार सामने शॉट चुकल्याबद्दल कोणी एक शब्द बोलणार नाही, हात पसरणार नाही, आणि यात मीही आलो. बोलायचं ते एकाच गोष्टीवर: धाव घ्यायला हवी होती तिथे घेतली नाही तर. कॅप्टनला वेगळं बोलावून हातांचं सांगितलं, त्याला कल्पनाच नव्हती. त्या मुलाला म्हणालो, “तू मला गोल देणं लागत नाहीस. सामन्याला चार शॉट देणं लागतोस. आत जावोत, बाहेर जावोत, कुंपणापलीकडे जावोत.” तो म्हणाला, “सर, आणि हरलो तर?” मी म्हटलं, “हरलो तर ते माझ्या खात्यावर.” पहिल्या सामन्यात त्याने दोनच मारले. तिसऱ्यात सहा मारले आणि एकही आत गेला नाही. मी जीभ चावून बसलो होतो, ते चार सामने मला त्याच्यापेक्षा जड गेले असतील. चौथ्यात गोलकीपरच्या हातून निसटलेल्या बॉलवर त्याने गोल केला, दोन यार्डांवरून, मांडीने ढकलून. दिसायला अगदी बेढब गोल. पण कोणाच्याही आधी तो निघाला होता, कारण आता त्याला बेंचकडे बघायचं नव्हतं.

रिबाउंडवरून आठवलं, यासाठी एक साधा सराव आहे. मी वीस मीटरवरून गोलकीपरच्या अंगावर फटके मारतो, स्ट्रायकर आणि एक डिफेंडर बॉक्सच्या कडेला. अट एकच: माझा पाय बॉलला लागण्याआधी स्ट्रायकर निघालेला असला पाहिजे. दहातले आठ वेळा गोलकीपर बॉल धरतो आणि धाव फुकट जाते. फुकट जाणारी धाव अंगवळणी पाडणं हाच तर त्या सरावाचा हेतू आहे. याशिवाय छोट्या मैदानावर मोठे गोल लावून चार विरुद्ध चार खेळवा, आठवड्यातून दोनदा, वीस-वीस मिनिटं. तिथे प्रत्येकावर वारंवार शॉटची वेळ येते आणि पास देऊन सुटायला जागाच नसते.

एक मुद्दा राहिला, तुमचा संघ त्या जागेकडून नेमकं काय मागतोय. 2018 चा विश्वचषक फ्रान्सने जिंकला तेव्हा त्यांचा स्ट्रायकर ऑलिव्हिए जिरूचा संपूर्ण स्पर्धेत एकही गोल नव्हता, गोलच्या चौकटीत गेलेला शॉटसुद्धा नव्हता. तो सेंटर बॅकना गुंतवून ठेवायचा आणि एम्बापे, ग्रीझमन मोकळे व्हायचे. हाच माणूस 2024 मध्ये राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला तेव्हा 57 गोलांसह फ्रान्सचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू होता. 2012 च्या युरोच्या अंतिम सामन्यात स्पेनने सुरुवातीच्या अकरात खरा स्ट्रायकर ठेवलाच नव्हता, मिडफिल्डर फाब्रेगास पुढे खेळला आणि इटलीला 4-0 हरवलं. पण त्यांच्याकडे मागून बॉक्समध्ये घुसणारे मिडफिल्डर होते. तुमच्या 6 गोलांपैकी मिडफिल्डरचे किती आहेत ते बघा. तिथेही दुष्काळ असेल तर प्रश्न एकट्या नऊ नंबरचा नाही, तुमच्या संघातून बॉक्समध्ये माणसंच पोहोचत नाहीत.

मुलगा बदलायची वेळ कधी येते, हेही सांगतो. सहा ते आठ आठवडे हे सगळं करा, बॉल वेळेवर पोहोचवा, तोंड बंद ठेवा, आणि मग कागद पुन्हा काढा. गोलांचा रकाना बघू नका, इतक्या थोड्या सामन्यांत गोल नशिबावरही होतात. धावांचा आणि शॉटचा रकाना बघा. तो हलला असेल तर मुलाला धरून ठेवा, गोल मागून येतील. हलला नसेल, तर तो बहुधा दहा नंबरचा, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारा, खेळाडू आहे. चांगला टच, बॉलकडे येण्याची ओढ, पास आधी सुचणं, हे सगळे गुण तिथे कामी येतात. त्याला एक जागा मागे घ्या आणि पुढे तुमच्याच संघातल्या एखाद्या हट्टी विंगरला किंवा फुलबॅकला, म्हणजे कडेच्या डिफेंडरला, उभं करून बघा. मी दोन फुलबॅकचे स्ट्रायकर केलेत. ही अदलाबदल झाली तर त्याला एकट्याला बाजूला घेऊन स्पष्ट सांगा की तुला काढलेलं नाही, तुझी जागा ही आहे. नोटिसबोर्डवरच्या यादीतून कळू देऊ नका.

येत्या सामन्यापासून कागद सुरू करा. मोजायला बसणाऱ्या मुलाला एवढंच बजावून सांगा की गोल झाला, ओरडा झाला, भांडण झालं तरी मान बॉलकडे वळवायची नाही. नव्वद मिनिटं फक्त नऊ नंबर.